मीठ झोंबत नाही

मोजा काढा, विस्टिन. दुसराही.
डोळे मिटा.
हा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकला
की ‘इवा’ म्हणायचं.

इवा, म्हणतो विस्टिन. म्हणजे हो.
दोरा अजून माझ्या पिशवीतच आहे.

गोझो बेटाच्या उत्तर टोकाला
खडकात कोरलेली चौकोनी मिठागरं,
त्यांतून चौसष्ट उन्हाळे अनवाणी फिरलेले हे पाय.
बापानं खराटा हातात दिला तेव्हा चौदाचा होता.
तेव्हा टाचेची प्रत्येक भेग बोलायची, म्हणतो,
मीठ असं झोंबायचं की डोळ्यांत पाणी,
आणि चेत्तीना वरच्या वाफ्यातून ओरडायची,
रड, रड, तेवढंच पोतं भरेल!
आता बघ, काहीच झोंबत नाही.
म्हातारपणी देव दया करतो, रितिएन.

ही कसली दया, हे मी मनात म्हणते.
मोठ्यानं म्हणते, डावा पाय.

अंगठ्याखाली दोरा टेकवते. गप्प.
करंगळीखाली. गप्प.
टाचेला टेकवायच्या आधीच इवा,
मग लगेच आणखी दोनदा, इवा, इवा,
मागची उधारी फेडल्यासारखा.

माझ्या कागदाला उत्तरं हवीत.
साखर कळून वर्षं किती? तेवीस.
सिगारेट? सोडली.
खिशातून काडेपेटी डोकावते.
रक्तदाबाच्या गोळ्या दोन, त्यातली एक
कुठली ते आठवत नाही म्हणून दोन्ही राहतात.
लघवीतून प्रथिनं जातात, गेल्या हिवाळ्यापासून.
उजव्या डोळ्यात एक जाळं तरंगतं,
मासा मात्र एकही लागत नाही, म्हणतो.
वर्षभरात कधी पडलात?
पडलो नाही गं. बसलो, जरा घाईनं.
रात्री घाम? हातांना कापरं?
येतं कधीकधी. सुई टोचून घेतो
आणि जेवायचं राहून जातं.
एकट्या माणसासाठी चूल कोण पेटवणार.

याला कागदावर चौकट नाही.
चेत्तीना गेली ती तारीख मी कुठे लिहू?
मुलगी मेलबर्नला, तिची सकाळ होते
तेव्हा याची झोपायची वेळ.
कोपऱ्यावरच्या बेकरीतली पोर संध्याकाळी
खजूर भरून तळलेल्या वड्या आणून देते, उरलेल्या.
नको म्हणा, असं मी चारदा सांगितलं.
पण दिवसभरात दारावर
तेवढी एकच थाप पडते.

मग बूट.
बूट उलटा करून झटकायची माझी सवय.
कधी खडा निघतो, कधी शिंपल्याचा तुकडा.
आज किल्ली पडली. फरशीवर खणकन वाजली.
बोटभर लांब, पितळी, मिठाच्या कोठीची.

अगं, चार दिवस शोधतोय हिला!
विस्टिन टाळ्या पिटतो.
घर पालथं घातलं, शेजारच्या साल्वूला
नको नको ते बोललो!

चार दिवस तो तिच्यावर उभा होता.
तळव्यात तिचा दात न् दात उमटलाय,
मधली कातडी पांढुरकी, ओली,
कडेनं लाल रेघ घोट्याकडे निघालेली.

मी हसले नाही.
मग थोडी हसले, कारण तो हसायचा थांबला.

सलाइननं धुते हं, म्हटलं.
सलाइन म्हणजे?
मिठाचं पाणी.

तो वाकतो. आपल्याच जखमेत मीठ जाताना बघतो,
दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तसा.
बराच वेळ.
जन्मभर खाल्ल्या मिठाला जागलो, म्हणतो,
आणि आता मीठच मला ओळख देत नाही.

मी पट्टी बांधते. उद्या सकाळी गाडी येईल,
व्हिक्टोरियाच्या इस्पितळात जायचं, उपाशी नाही जायचं.
घरातसुद्धा अनवाणी नको.
रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून तळवे बघायचे.
किल्ली खिळ्यावर. त्याच खिळ्यावर, रोज.

तो मान डोलावतो, किल्ली मुठीत घट्ट.
उजवा पाय राहिलाय, म्हणतो. डोळे मिटू?

नको, विस्टिन.
आता पायांचं काम डोळ्यांनी करायचं.
उघडेच ठेवा.
निदान डावा.